सासऱ्यांच्या डब्यातलं काय ठेवायचं, काय विकायचं?

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सासरे गेल्यावर कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात गांधीजींची आणि नेहरूंची नाणी, टांकसाळीच्या पेटीतलं एक मोठं नाणं, सत्तरच्या दशकातला चांदीच्या परदेशी पदकांचा अर्धवट संच, एका पतसंस्थेनं रौप्यमहोत्सवाला सभासदांना दिलेलं चांदीचं 'नाणं', राम-सीतेचं छाप असलेलं १६१६ सालचं तांब्याचं नाणं, आणि मिलचा एक पितळी बिल्ला. सराफानं सगळी चांदी वजनावर घ्यायची तयारी दाखवली आहे. तांब्याच्या नाण्याला इंटरनेटवर लाखो रुपये सांगतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला यातूनच छंद सुरू करायचा आहे. तर काय विकावं, काय ठेवावं आणि पुढे काय घ्यावं?

ताई, आधी दोन गोष्टी. अजून काही विकू नका आणि काही घासू नका. चिंच-मीठ, रांगोळी, टूथपेस्ट, पितांबरी, यांतलं काहीही नाण्यावर फिरवलं की वरचा मूळ थर निघून जातो. घरच्यांना ते चकचकीत वाटतं, पण भिंगातून बघणाऱ्याला एका दिशेनं गेलेले बारीक ओरखडे लगेच दिसतात आणि भाव तिथंच पडतो. काळसर पडलेली चांदी ही खराब झालेली चांदी नव्हे. काही जण तर त्या रंगासाठी जास्त पैसे मोजतात. टेबलावर जाड टर्किश टॉवेल पसरा (आपल्या गावात त्याला तोटा नाही), त्यावर डबा रिकामा करा, म्हणजे हातातून सुटलं तरी कडेला खोक पडणार नाही. नाणं कडेनं धरा, बोट पृष्ठावर नको.

आता सरकारी नाणी एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. सरकारी नाणं ओळखायला अशोकस्तंभाचे सिंह, 'भारत' आणि किंमतीचा आकडा बघायचा. किंमत छापलेली नसेल तर ते नाणं नव्हे, मग ते मुंबईच्या टांकसाळीत का पाडलेलं असेना. टांकसाळ मागणीप्रमाणे पदकंही पाडून देते, आणि अशी पदकं 'गव्हर्नमेंट मिंटचं नाणं' म्हणून सर्रास विकली जातात.

सरकारी नाण्यांचं काम सोपं, कारण त्यांच्यावर घेतलेली शंका फिटू शकते. प्रत्येक स्मारक नाण्याची अधिसूचना राजपत्रात निघते. त्यात धातू, वजन, व्यास, चित्र, एवढंच काय, कडेवर किती दाते असावेत तेही दिलेलं असतं. अलीकडच्या ४४ मिलिमीटरच्या मोठ्या नाण्यांना २०० दाते असतात. संसदेच्या नव्या इमारतीसाठी २०२३ साली निघालेलं ७५ रुपयांचं नाणं घ्या: ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. हे राजपत्र फुकट वाचता येतं. म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवायची गरज नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, कारण पदकांकडे आलो की नेमकं हेच नसतं.

तुमच्या नाण्यांबद्दल. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ सालचं, नेहरूंच्या निधनानंतर काढलेलं, रुपया आणि ५० पैसे अशा दोन किंमतींचं. निकेलचं आहे, त्यामुळं चुंबकाला चिकटतं. घाबरू नका, चिकटलं म्हणून खोटं नाही. त्यावर '१८८९–१९६४' असं लिहिलंय. तसंच गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या नाण्यांवर '१८६९–१९४८' असतं, आणि १९६९ हे साल कुठंच नसतं. याचा फायदा घेऊन कुणी नेहरूंचा रुपया 'इंग्रजांच्या काळातला, १८८९ सालचा' म्हणून विकतो, तर कुणी गांधीजींचं नाणं '१९४८ सालचं पहिलं' म्हणून. दोन्ही नाणी भरपूर पाडली गेली, घराघरात आहेत. झिजलेली असतील तर आठवण म्हणून ठेवा, विकायला जाण्याचे कष्ट त्यातून सुटत नाहीत.

गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं मात्र वेगळं. १५ ग्रॅम वजन आणि ८० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. गंमत बघा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं १९७२ सालचं दहा रुपयांचं नाणं हातात घेतलं तर ते मोठं आणि जड लागतं, २२.५ ग्रॅम. पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. मोठं दिसतं म्हणून लोक त्याला जास्त पैसे देतात. सराफाकडं टंच (चांदीची शुद्धता) निघतोच, त्यामुळं तो फसत नाही. फसतो तो यात्रेत किंवा फोनवरून घेणारा.

सराफाच्या देकाराबद्दल एक सांगायला हवं. चलनी नाणं वितळवणं, धातू म्हणून वापरणं हा २०११च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगाची शिक्षा आहे. गांधीजींचे दहा रुपये हे आजही कायदेशीर चलन आहे. (२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, म्हणून एशियाडची १० आणि २५ पैशांची नाणी किंवा गांधीजींचे २० पैसे आता नुसते संग्रहाचे.) तेव्हा ती दहाची नाणी मोडीत नको. चांगल्या स्थितीतली नाणी संग्राहक चांदीच्या भावापेक्षा वर घेतो, झिजलेली चांदीच्या आसपास घेतो. दोन्हीकडं सराफाच्या मोडीपेक्षा तुमचं नुकसान होत नाही.

पेटीतलं मोठं नाणं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं आहे, २०१० सालचं, हजार रुपयांचं. नाण्यावर छापता येणारी ही आपल्याकडची सर्वात मोठी किंमत. कायद्यानंच हजाराची मर्यादा घातलीय. ३५ ग्रॅम आणि ८० टक्के चांदी, म्हणजे २८ ग्रॅम. पेटी, आतला कागद, प्लॅस्टिकचं गोल कवच, सगळं जसंच्या तसं ठेवा. कवच उघडू नका. आरशासारखी पार्श्वभूमी आणि वर दुधी रंगाचं चित्र असेल तर ते प्रूफ, पॉलिश केलेल्या साच्यानं एकाहून जास्त वेळा ठोकलेलं. बोटाचा एक ठसा पडला तरी प्रूफचं प्रूफपण गेलं. सगळीकडं सारखी साधी चकाकी असेल तर ते यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेलं. प्रूफ अर्थातच महाग.

सरकारी ढीग इथं संपला. मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या ढिगाबद्दल.

परदेशी पदकांच्या संचावर फ्रँकलिन मिंटची खूण आहे. नाव टांकसाळीचं, पण ही खासगी अमेरिकन कंपनी, १९६४ साली सुरू झालेली. यांची पद्धत अशी: एखाद्या विषयावर पदकांची मालिका जाहीर करायची, वर्गणीदार नोंदवून घ्यायचे, आणि मग ठरावीक दिवसांनी एकेक पदक पोस्टानं घरी पाठवायचं. सोबत देखणी पेटी, प्रमाणपत्र, आणि 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द. मर्यादा कशी ठरायची? तर अमुक तारखेपर्यंत जितक्यांनी मागितलं तितक्यांना. म्हणजे ज्याला ज्याला हवं होतं त्याला मिळालंच. मग नंतर दुसऱ्याला विकायला जाल तर घेणारा उरतो कोण? १९७९च्या शेवटी चढत जाऊन १९८०च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली तेव्हा असे कितीतरी संच लोकांनी भट्टीत घातले, कारण पदक म्हणून कुणी त्याहून जास्त देत नव्हतं. आजही या संचांचा भाव बहुतेक चांदीच्या भावामागं चालतो. कडेवर 'स्टर्लिंग' असेल तर चांदी ९२.५ टक्के. अर्धवट संच असेल तर पेटीलाही वेगळी किंमत नाही.

म्हणून परदेशी पदकं विकायची असतील तर खुशाल विका, कायद्याची आडकाठी नाही. ती चलन नव्हेत. फक्त वजन घरी करून जा. आणि त्यातलं एखादं चित्र मुलाला आवडलं तर ते ठेवा, कोरीवकाम त्या कंपनीचं चांगलं असायचं.

मर्यादित आवृत्तीचा हाच खेळ आता मराठीतही चालतो. शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली तेव्हा होनाच्या (महाराजांचं सोन्याचं नाणं) आणि शिवराईच्या (तांब्याचं) प्रतिकृती घरोघरी आल्या. प्रतिकृती घ्यायला माझी हरकत नाही, देव्हाऱ्यात किंवा टेबलावर ठेवायला सुंदर दिसतात. पण मूळ होन अतिशय दुर्मिळ, आणि आणखी काही वर्षांनी याच प्रतिकृती कुणाच्या तरी डब्यातून 'आजोबांकडचा होन' म्हणून निघणार आहेत. प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याचं कोरलेलं नसेल तर घेऊ नका. घेतलीच असेल तर पावती तिच्याच पाकिटात ठेवा. खासगी पदकाला राजपत्र नसतं. किती पाडली, साचा मोडला की परत वापरला, चांदी सांगितली तितकी आहे का, हे सगळं विकणाऱ्याच्या शब्दावर. त्या शब्दाचा कागद हाच तुमचा पुरावा, आणि तो हरवला की उरतो तो धातू.

सराफ पेढ्यांची लक्ष्मी-गणपतीची नाणी, स्वामी समर्थांची, विठोबाची, तुळजाभवानीची छापं, ही पण याच घरातली. धनत्रयोदशीला जरूर घ्या, पण संग्रह म्हणून नको. घेताना मजुरी आणि जीएसटी द्यायचा, विकताना दोन्ही बुडीत. चांदीच हवी असेल तर ९९९ची साधी घ्या आणि हॉलमार्क बघून घ्या.

चांदी खरी का खोटी हे घरी तपासता येतं, आणि यासाठी कुणाच्या पाया पडायला नको. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी पदकाचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला-बाजूला लागणार नाही असं लोंबकळत धरा. आता काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीला उत्तर साडेदहाच्या जवळ येतं, स्टर्लिंगला १०.३ ते १०.४, निम्म्या चांदीच्या मिश्रणाला साडेनऊ. समजा ३५ ग्रॅमचं पदक आहे आणि पाण्यातला आकडा ३.३४ आला, तर भागाकार १०.४८. ठीक. तोच आकडा ४.०२ आला तर भागाकार ८.७, म्हणजे ते जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त. तुमच्या पतसंस्थेच्या पदकाला ही परीक्षा आधी द्या. महोत्सवी समित्या कंत्राट देतात आणि कंत्राटदार कधी मुलामा देतो. कवचातल्या प्रूफ नाण्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही, आणि तपासलेलं पदक पुसू नका, कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या.

पतसंस्थेचं पदक चांदीचं निघालं तरी मी सांगेन की ते विकू नका, आणि जर्मन सिल्व्हरचं निघालं तरी तेच सांगेन. कारण पुढे येतंच.

आधी तांब्याचं नाणं. ताई, स्पष्टच सांगतो, ते खोटं आहे. खोटं म्हणजे मूळ नाण्याची नक्कल सुद्धा नव्हे, कारण मूळ असं काही नव्हतंच. ईस्ट इंडिया कंपनीनं १६१६ किंवा १८१८ साली राम, लक्ष्मण, सीता, मारुतीचं छाप असलेलं तांब्याचं नाणं कधीच पाडलं नाही. ही नाणी अलीकडं हजारोंनी ओतली गेली, होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलपासून तीर्थक्षेत्राच्या दुकानापर्यंत सगळीकडं मिळतात. चांदीचे जुने रामटंके असतात, देवस्थानच्या भक्तांसाठी पाडलेले. पण तेही चलन नव्हते, आणि त्यांचीही नवी पिलावळ बाजारात भरलीय. तुमच्या नाण्याला लाखो सांगणारे लोक आणखी एक गोष्ट सांगतील: हे नाणं तांदूळ ओढतं. 'राईस पुलर' म्हणून ही फसवणूक देशभर चालते. आधी 'तपासणी'चे पैसे मागतात, मग 'शास्त्रज्ञ' आणण्याचे, मग 'परवान्या'चे. असा फोन आला तर नंबर ब्लॉक करा आणि पोलिसांत कळवा.

तसंच वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याचं. ते बँकांतून वाटलेलं साधं चलन आहे. त्याला लाखो देणारा माणूस आजवर भेटलेला नाही, लाखो देतो म्हणून आधी 'नोंदणी'चे हजार मागणारे मात्र पुष्कळ. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून शुल्क-कमिशन मागत नाही. हे मुलाला वाचून दाखवा, कारण फोन त्याच्याच हातात असतो.

राहिला बिल्ला. तुम्ही तो शेवटी लिहिलात, 'असाच एक पितळी बिल्ला' म्हणून. माझ्या मते डब्यातली सर्वात मोलाची वस्तू तीच.

पैशात नव्हे. पितळ म्हणून त्याला चहाचे पैसे सुटणार नाहीत. पण बघा, गांधीजींचं नाणं उद्या मुंबईत, दिल्लीत, कुठल्याही लिलावात मिळेल, दहा वर्षांनीही मिळेल. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, ही नावं ज्यावर ठोकली आहेत ते पितळ मात्र सोलापुरातच मिळणार, आणि दरवर्षी कमी मिळणार. कामगार गेला की मुलं भंगारात देतात, भंगारवाला वजनावर विकतो, आणि तो बिल्ला नळाची तोटी होऊन परत आपल्याच घरात येतो. याची नोंद कुठल्याही राजपत्रात नाही, किंमतसूचीत नाही. कोणत्या मिलनं कोणत्या खात्याला कोणत्या आकाराचा बिल्ला दिला, गोल कधी, चौकोनी कधी, वरचं भोक दोरीसाठी की पिनेसाठी, याची यादी आजवर कुणी केलेली मला ठाऊक नाही. ती यादी तुमच्या मुलानं केली तर तो संग्राहक नव्हे, अभ्यासक झाला.

हेच त्या पतसंस्थेच्या पदकाचं. आपल्याकडं सहकारी संस्था, शाळा, तालमी, नाट्यसंमेलनं, देवस्थानं, कामगार संघटना, सगळ्यांनी कधी ना कधी पदकं काढली आहेत. कुणाचा सुवर्णमहोत्सव, कुणाची शताब्दी, कुस्तीचं मैदान, भजनस्पर्धा. इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाला, म्हणजे १२ जानेवारीला, वाटलेले बिल्लेही मी जपून ठेवले आहेत. त्यातल्या काहींवर तर संस्थेचं नाव सुद्धा धड वाचता येत नाही. मराठीसोबत तेलुगू किंवा कन्नड अक्षरं असलेलं पदक मिळालं तर ते आधी घ्या, भाव नंतर करा. पुण्या-मुंबईच्या संग्रहात तसं मिळणार नाही.

अशा वस्तूची किंमत तिच्यासोबतच्या माहितीत असते. म्हणून आजच एक काम करा. सासूबाई असतील, किंवा सासऱ्यांचे जोडीदार असतील, तर त्यांना बसवून विचारा: बिल्ला कोणत्या खात्याचा, सूतखातं की विणाई, पाळी कोणती, क्रमांक कशाचा, हरवला तर दंड किती कापायचे, गेटवर कुणाकडं द्यायचा. उत्तरं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि कागदावरही लिहा. नाव, तारीख, सांगणाऱ्याचं नातं. तो कागद बिल्ल्यासोबत. पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद, मिलच्या गेटवरचा फोटो असं काही निघालं तर तेही त्याच पाकिटात. पतसंस्थेच्या पदकासोबत तेव्हाचा अहवाल किंवा निमंत्रणपत्रिका ठेवा, अहवालात कधीकधी किती पदकं करवून घेतली याचा खर्च सापडतो. तोच तुमचा राजपत्राचा तुकडा.

आता मुलानं पुढे काय घ्यावं. पहिलं वर्ष फार विकत घेऊ नये, सापडेल ते घ्यावं. खिशातल्या नाण्यांपासून सुरुवात करा. सालाखाली हिऱ्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. टांकसाळीची खूण शोधायची सवय लागली की नजर तयार होते. त्यानंतर एक विषय धरा. 'सगळी स्मारक नाणी' हा विषय नव्हे, तो खर्च आहे. सरकार दरवर्षी नवी काढतच राहतं. महाराष्ट्र हा विषय धरला तर खिशाला परवडतो आणि बघायला छान दिसतो: आंबेडकर शताब्दीचा १९९०चा रुपया, १९९९चं शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं, २००७चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. यांतली बरीचशी शंभराच्या आतबाहेर मिळतात, पण न झिजलेली मिळवायला चिकाटी लागते. म्हणून घ्यायचीच तर चांगली घ्या. झिजलेली तीन घेण्यापेक्षा कोरं एक घेतलेलं बरं. डॉ. आंबेडकरांचं दहाचं नाणं २०१५चं, त्याच वेळी १२५ रुपयांचंही निघालं. दहाचं नाणं अजून व्यवहारात सापडतं, कारण आपल्याकडं रिक्षात दहाचं नाणं काढलं की वाद होतो आणि लोक ते घरात साठवून ठेवतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ सालीच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि सगळे चालतात. लोकांच्या अफवेचा फायदा संग्राहकानं घ्यायला काही हरकत नाही.

पेटीतली नवी नाणी हवी असतील तर टांकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते तेव्हाच घ्या. पोचायला कधीकधी महिने लागतात, पैसे आधी भरावे लागतात. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं मे २०२५मध्ये भोपाळला प्रकाशित झालं. आपल्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे, त्यामुळं सोलापूरकराच्या संग्रहात ते असावं असं मला वाटतं. पण प्रकाशनानंतरच्या गडबडीत दुप्पट-तिप्पट भावानं दुसऱ्याकडून घेऊ नका. पहिला उत्साह ओसरू द्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट मिळते, निजामाची हाली सिक्क्याची, म्हणजे हैदराबाद संस्थानच्या स्वतःच्या चलनाची, नाणी. तुळजापूर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, सोलापूर इंग्रजांकडं, मध्ये सीमा आणि दोन्हीकडून बाजारहाट. त्यामुळं चारमिनारचं छाप असलेले रुपये इथल्या जुन्या घरांतून अजून निघतात. मुलाला इतिहासाची आवड असेल तर ही वाट चांगली, फक्त शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही हे लक्षात ठेवावं. परदेशातला कुणी जास्त भाव देतो म्हणून कुरिअर करू नये. शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर तो वेगळाच मामला, ती सरळ जिल्हाधिकारी कार्यालयात कळवायची.

ठेवण्याबद्दल थोडं. सोलापूरची हवा कोरडी, हे चांगलं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर भट्टी होते, हे वाईट. डबा माळ्यावर नको, खालच्या कपाटात आतल्या बाजूला. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटं टाकून द्या. पीव्हीसी हळूहळू सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. तो थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, घासू नका, आणि खोली हवेशीर हवी, गॅसजवळ तर अजिबात नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. रबर, लोकर, वर्तमानपत्र आणि साधा पुठ्ठा चांदीला काळं करतात. मायलारची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची) पाकिटं किंवा कडक गोल कवचं घ्या. बिल्ल्याचा काळपटपणा तसाच राहू द्या, दोरी असेल तर दोरीसकट ठेवा.

आणि विकायचंच झालं तर आधी फ्रँकलिनचा संच. वजन करून, भागाकार काढून, दोन सराफांचा भाव विचारा. दोघांत फरक पडतोच. गांधीजींची दहाची नाणी सराफाला नको, नाण्यांच्या व्यापाऱ्याला किंवा लिलावाला द्या. मुंबई, बेंगळुरू, अहमदाबादच्या लिलावगृहांच्या मागच्या लिलावांचे भाव त्यांच्या संकेतस्थळांवर बघता येतात, तोच खरा बाजारभाव. जाहिरातीतला आकडा नव्हे. हजारचं मंदिराचं नाणं मुलाला द्या. तांब्याचं राम-सीतेचं देव्हाऱ्यात ठेवायचं तर ठेवा, विकू मात्र नका, कारण खोटं आहे हे आता तुम्हाला कळलंय. बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पट्टीशेजारी ठेवून उजेडात काढा आणि मला पाठवा, क्रमांक वाचता आला पाहिजे. मिलचे दोन बिल्ले माझ्याकडंही आहेत, मुलाला घेऊन या, शेजारी ठेवून बघू.